चालणारी घोडी

"दीदी, बारात के लिए चाहिए या शौक के लिए?"

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात सकाळी साडेसहाला एका राजस्थानी विक्रेत्यानं मला हे विचारलं आणि मला चटकन उत्तर सुचलं नाही. मार्गशीर्षातली थंडी होती. तापीवरचं धुकं अजून हललं नव्हतं. ओळीनं बांधलेल्या घोड्यांच्या नाकपुड्यांतून वाफा निघत होत्या, कुठे तोबरे चढवणं चाललं होतं, कुठे खरारा. त्याचा प्रश्न रास्त होता. तिथं येणारं गिऱ्हाईक बहुतेक दोन जातींचं असतं: एक वरातीचा धंदा करणारं, दुसरं दारात देखणं जनावर बांधायची हौस असलेलं. पैदाशीसाठी घोडी किंवा वळू शोधणारेही असतात, पण ते बोलण्यावरून लगेच ओळखू येतात. मी यांतली कुणीच नव्हते.

"ड्रेसाजसाठी," मी म्हणाले.

त्यानं समजल्यासारखी मान हलवली आणि पोराला एक काळीभोर घोडी सोडायला सांगितली. ती ढोलावर नाचत होती.

ड्रेसाज म्हणजे घोड्याचं शिक्षण. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थही तसाच आहे. वीस मीटर रुंद आणि साठ मीटर लांब मैदान, प्राथमिक पातळीला चाळीस मीटरही चालतं. कडेनं अक्षरं लावलेली. त्या अक्षरांच्या खुणेनं घोड्यानं गोल घ्यायचे, तिरकी रेघ कापायची, थांबायचं, चाल बदलायची. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण. लांबून बघणाऱ्याला स्वार नुसता बसलेला दिसतो. प्रत्यक्षात त्याची कंबर, पोटऱ्या, करंगळीशेजारचं बोट, सगळं घोड्याशी बोलत असतं आणि घोडा ऐकून उत्तर देत असतो. मी वयाच्या चौतिसाव्या वर्षी पुण्यात घोड्यावर बसायला शिकले. दोन वर्षांत माझ्या लक्षात आलं की वेगानं मला काही होत नाही. पण घोड्यानं माझं म्हणणं ऐकून चालीची लांबी चार बोटं वाढवली की दिवसभर अंगात गोडवा राहतो.

२६ सप्टेंबर २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला या चौघांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं. २०९.२०५ गुण. घोडेस्वारीत भारताला १९८२ नंतर, म्हणजे ४१ वर्षांनी मिळालेलं सुवर्ण. त्यातला हृदय आपल्या मुंबईचा. त्या दिवशी ऑफिसात टेबलाखाली फोन धरून मी निकाल पाहिला आणि डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी क्लबमधल्या मुली विचारायला लागल्या, "मावशी, तसा घोडा कुठं मिळतो?"

तसा घोडा युरोपात मिळतो. त्या चौघांचे घोडे युरोपातले होते, तिथंच त्यांचा सराव झाला आणि तिथूनच ते स्पर्धेला गेले. त्याला नुसती हौस कारण नाही. घोड्यांच्या रोगांबाबत युरोपचे नियम इतके कडक आहेत की भारतातला घोडा तिकडे थेट नेताच येत नव्हता. जुलै २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी पशुवैद्यकीय केंद्रातल्या एका बंदिस्त विभागाला जागतिक पशु आरोग्य संघटनेनं घोड्यांच्या रोगांपासून मुक्त म्हणून मान्यता दिली, तेव्हा कुठे ती वाट किलकिली झाली. पण हे सगळं मोठ्यांचं. जर्मन किंवा डच वॉर्मब्लड, म्हणजे तिकडची खास स्वारीसाठी पैदा केलेली जात, विकत घेऊन विमानानं आणायचा खर्च माझ्यासारख्या नोकरदार बाईच्या आयुष्यभराच्या बचतीपलीकडचा. मला क्लबच्या स्पर्धेत, प्राथमिक चाचणीत, मान खाली न घालता उतरायचं होतं. त्यासाठी घोडा इथेच, आपल्या माणसांकडून, आपल्या बाजारातून घ्यायला हवा होता.

तो कसा घेऊ नये, हे मी आधीच शिकले होते.

२०१७ ची गोष्ट. राखाडी ठिपक्यांचा, पाच वर्षांचा, बघताच जीव जडावा असा घोडा एका विक्रेत्यानं दाखवला. मी दुपारी पोचले तेव्हा खोगीर चढवून तयार होता. बसले, तीन फेऱ्या मारल्या. इतका समजूतदार घोडा मी पाहिला नव्हता. संध्याकाळी पैसे दिले. नऊ दिवसांनी त्यानं मला पहिल्यांदा पाडलं. बाराव्या दिवशी तो पुढच्या उजव्या पायानं लंगडायला लागला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला तेव्हा खुराच्या आतल्या हाडाची झीज जुनी असल्याचं दिसलं. त्या दुपारी त्याला वेदनाशामक दिलेलं होतं, शांत करणारंही काही दिलं असावं, आणि मी यायच्या आधी तास-दोन तास पळवून दमवलेलं होतं. खोगिराखाली हात घातला असता तर घाम लागला असता. मी घातला नाही. विक्रेत्यानं फोन उचलणं बंद केलं.

त्या घोड्याला मी विकलं नाही. विकायचं म्हणजे पुन्हा कुणाला तरी त्याच दुपारसारखं फसवायचं. मुळशीत मैत्रिणीच्या शेतावर तो चार वर्षं राहिला. सकाळी कुंपणापाशी येऊन माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवायचा. त्याचा काही दोष नव्हता. माझ्या घाईचा भार त्यानं त्या दुखऱ्या पायावर वाहिला, हे मला अजून सलतं.

म्हणून सारंगखेड्याला जाताना मी आमच्या नालबंदांना बरोबर नेलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. पन्नास वर्षं घोड्यांचे पाय मांडीवर घेऊन त्यांची पाठ कायमची वाकली आहे, आणि त्यामुळे की काय, घोड्याकडे ते खालूनच बघतात. "वरचं सगळं नंतर," ते म्हणतात, "आधी जमिनीला टेकतं ते बघायचं." खुरावर काळं तेल चोपडलेलं असलं की ते आधी ओल्या फडक्यानं पुसतात, कारण तेलाखाली भेग बुजवलेली असू शकते. खुरावरच्या आडव्या वळ्या पुढून मागे सारख्या अंतरानं गेल्या असतील तर ठीक. टाचेकडे जाताना त्या फाकत गेल्या असतील तर खुराच्या आत सूज येऊन गेलेली असते, आणि असा घोडा कितीही देखणा असला तरी चाचा त्याच्या कपाळावरून हात फिरवून पुढे सरकतात.

दत्तजयंतीच्या यात्रेतला हा बाजार नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, एकमुखी दत्ताच्या पायाशी भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, कुठून कुठून घोडे येतात. तिथल्या माणसांचं ज्ञान कमी लेखणाऱ्या शहरी स्वारांशी माझं कधी पटलं नाही. विक्रेत्यांकडे घोड्यासाठी किती शब्द आहेत! कुमैत, मुश्की, समंद, नुकरा, अबलख, हे नुसते रंग. चारही पाय आणि कपाळ पांढरं असेल तर पंचकल्याणी. अंगावरच्या केसांचे भोवरे ते बोटानं चाचपून वाचतात. गळ्यावर देवमण असेल तर घोडा घराला बरकत आणणारा. डोळ्याखाली आसूढाळ असेल तर धन्याला रडवणारा. मारवाडी जातीच्या घोड्याच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडतात का, यावर किमतीत हजारोंचा फरक पडतो. माणूस पिढ्यान्‌पिढ्या जनावराच्या इतक्या जवळ राहिल्याशिवाय अशी भाषा तयार होत नाही.

मला अडचण वेगळीच आली. मला जे हवं होतं त्यासाठी त्या भाषेत शब्द सापडेना.

एका म्हाताऱ्या काठेवाडी गृहस्थांनी आपल्या घोड्याची रेवाल चाल दाखवली. घोडा पाण्यावरून नाव सरकावी तसा गेला. स्वाराच्या खांद्यावरचं उपरणंही हललं नाही. "पाठीवर भरलेला पेला ठेवा, थेंब सांडणार नाही," ते अभिमानानं म्हणाले, आणि ते खरंच होतं. रेवालमध्ये एका कुशीचे पुढचा आणि मागचा असे दोन्ही पाय जोडीनं पडतात, म्हणून हिसका बसत नाही. दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर जाणाऱ्या वाळवंटातल्या स्वारासाठी घडवलेली ही चाल. पण ड्रेसाजमध्ये दुडकी चालताना तिरप्या जोडीचे पाय एकत्र पडावे लागतात, पुढचा डावा तर मागचा उजवा, आणि दोन पावलांच्या मध्ये क्षणभर घोडा हवेत असावा लागतो. संथ चालीत तर चारही खूर एकेक करून, सारख्या अंतरानं वाजायला हवेत. एका कुशीचे पाय एकत्र पडायला लागले की परीक्षक निर्दयपणे गुण कापतात. त्या आजोबांनी चार वर्षं मेहनत घेऊन जो दागिना घडवला होता तोच माझ्या चाचणीच्या कागदावर दोष ठरणार होता. मी त्यांना मनापासून नमस्कार केला. घोडा घेत नाही असं सांगताना फार अवघड गेलं.

नाचणाऱ्या घोडीबद्दल मात्र मला तितकं आदरानं बोलता येत नाही. पुष्कळ लोक मला म्हणतात, "तुमच्या त्या ड्रेसाजमध्येही घोडा जागच्या जागी नाचतोच की!" वरच्या पातळीवर पियाफ नावाची हालचाल असते खरी. त्यात घोडा मागचे पाय पोटाखाली घेऊन, ढुंगण खाली घेऊन, जागच्या जागी दुडकी चालतो. बरी तयारी असली तर तिथपर्यंत पोचायला वर्षं लागतात, कारण तेवढी ताकद मागच्या पायांत आणि पाठीत हळूहळूच येते. बाजारातल्या त्या काळ्या घोडीची पाठ खाली दबलेली होती, मान मागे ओढलेली, तोंड उघडं, आणि तोंडात काटे असलेला लगाम. जनावरावर काटेरी लगाम वापरायला १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. पोरगा छडी हलवत होता आणि ती पाय उचलत होती. लोक टाळ्या वाजवत होते. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता. मी त्या विक्रेत्याला लगाम काढून दाखव म्हणाले, तर तो म्हणाला, लगाम काढल्यावर नाचणार कशी?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजाराच्या टोकाला एक तपकिरी घोडी दिसली. डोळ्याखाली भोवरा. मालकानं आधीच किंमत उतरवून ठेवली होती, तरी कुणी फिरकत नव्हतं. पाणी पाजायला नेताना ती अशी सैल, लांब पावलं टाकत गेली की मी चाचांचा दंड धरला. चाचांनी खूर उचलला, पुसला, वळ्यांवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे न बघता मान हलवली. खूर खराब होता. तिला तिथंच सोडून आलो. पुढे ती कुणी घेतली असेल, का घेतलीच नसेल, हा विचार मध्येच कधीतरी येतो.

रेसकोर्सवरून निवृत्त होणारे घोडेही मी पाहिले. पुण्याचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर. तो संपत आला की पागांमधून निरोप यायला लागतात. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांची जात: देखणी अंगकाठी, तल्लख बुद्धी, आणि किंमतही आवाक्यातली. बरेच स्वार तिथूनच सुरुवात करतात आणि चांगले घोडेही मिळवतात. पण दोन वर्षांचं असताना, हाडं पुरती भरलेली नसताना, त्याला पळायला लावलेलं असतं. लगामावर ताण आला की जोर लावायचा हे तो शिकलेला असतो, आणि ड्रेसाजमध्ये त्याच ताणाचा अर्थ नेमका वेगळा. हे पुन्हा शिकवता येतं. पायाच्या मागची शीर, म्हणजे कंडरा, एकदा सुजून गेली असेल तर ती मात्र पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. मी पाहिलेल्या चारांपैकी तिघांच्या शिरा हाताला जाड लागल्या. चौथा माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या स्वाराच्या लायकीचा होता. तो एका मुलीनं घेतला, त्याचा मला आनंदच आहे.

त्या काळात मी पाहिलेली सगळ्यात सुंदर चाल कुठल्या पागेत नव्हती. दौंडजवळ रस्त्यानं धनगरांचा वाडा, म्हणजे फिरती बिऱ्हाडं, चालला होता. मेंढरं पुढे गेलेली. मागे एक भीमथडी तट्टू, पाठीवर जाळी, भांडी, वाघरं, वर दोन कोकरं आणि एक पाय बांधलेली कोंबडी. उंचीला जेमतेम माझ्या छातीपर्यंत. त्याचा मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या वीतभर पुढे पडत होता. चांगल्या संथ चालीची हीच खूण परीक्षक शोधतात. मी गाडी थांबवून मैलभर त्याच्यामागे चालले. रोज वीसेक किलोमीटर ओझं घेऊन जाणाऱ्या जनावराला पाठ सैल सोडूनच चालावं लागतं, नाहीतर ते टिकणारच नाही. त्याच्या मालकिणीनं विचारलं, "काय बघती गं बाय?" मी म्हणाले, "तुमचं घोडं किती छान चालतं." ती म्हणाली, "मग? चालायलाच हाय ते." ते विकायला नव्हतं आणि मी विचारलंही नाही. पण त्या दिवशी मला माझाच शोध नीट समजला. मला आधी चालणारा घोडा हवा होता. दुडकी सुधारते, कँटर, म्हणजे दुडकीच्या पुढची धावती चाल, पुष्कळ सुधारते. संथ चाल घोडा जन्मताच घेऊन येतो आणि माणसाला ती फक्त बिघडवता येते.

घोडी मिळाली ती खेड तालुक्यात. चाचांच्या भाच्याकडून कळलं की एका बैलगाडावाल्याला घोडी काढायची आहे. आपल्याकडच्या घाटांत, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या त्या चढणीच्या धावपट्टीवर, बैलांच्या पुढे घोडी पळते. तिच्यावर स्वार, मागे जिवाच्या आकांतानं येणारे बैल, दोन्ही कडांना हजारो माणसं, हलगी, भंडारा. तिथं पळालेली घोडी ड्रेसाजला? मी जवळजवळ गेलेच नव्हते.

पहिल्या भेटीत मालक गोठ्यात होते. मी त्यांना दादा म्हणायला लागले, ते मला ताई. घोडी बाभळीखाली मोकळी उभी होती, तांबूस, मध्यम उंचीची, डोक्यानं जरा जड. कागद नव्हते. आई काठेवाडी, बाप रेसचा, एवढंच घरच्यांना माहीत. "सात वर्षाची हाय," दादा म्हणाले. "पळती चांगली, पण आता जवान घोडी घेतलीया, दोघींचं घाटात जमत न्हाई." मी खोगीर घालू दिलं नाही. तासभर नुसती बघत बसले.

दुसऱ्यांदा न सांगता गेले, संध्याकाळी. जवळचा विक्रेता असला की हे करता येतं, आणि माझ्या मते इथल्या इथं घोडा घेण्याचा सगळ्यात मोठा फायदा तोच. चारशे किलोमीटरवरच्या बाजारात घोडा एक दिवस दिसतो. दीड तासावरचा घोडा पावसात, उन्हात, भुकेला, पोट भरलेला, कंटाळलेला, कसाही बघता येतो. मी पाच वेळा गेले. दादांनी एकदाही कपाळाला आठी घातली नाही. त्यांची आई तर तिसऱ्या खेपेला म्हणाली, "सोयरीक जुळवायला येतीयास जणू, ये, च्या घे."

तिसऱ्या खेपेला डॉक्टर बरोबर होते. त्यांनी छाती ऐकली, डोळ्यांत बॅटरी टाकली, एकेक पाय दुमडून मिनिटभर धरला आणि सोडल्याबरोबर दुडकी पळवायला लावलं. दुखरा सांधा असेल तर पहिल्या काही पावलांत कळतं. घोडी सरळ पळाली. ग्लँडर्ससाठी रक्त घेतलं. तो रोग माणसालाही होतो आणि निघाला तर घोडा मारावा लागतो, त्यामुळे तपासणीशिवाय माझ्या पागेत काही आणायचं नाही हे ठरलेलं. मग डॉक्टरांनी ओठ वर करून दात पाहिले. खालच्या दातांवरचे खळगे घासून सपाट झाले होते, वरच्या कोपऱ्याच्या दातावर उभी खाच अजून उतरली नव्हती. "नऊ," ते म्हणाले.

दादांचा चेहरा उतरला. "ताई, मी खोटं न्हाई बोललो. धाकटीच्या बारशाच्या वर्षी आणली, ती सात वर्षाची हाय." ते आणल्यापासून मोजत होते, आणली तेव्हा ती दोन वर्षांची असणार. बोलता बोलता आणखी एक गोष्ट समजली, आणि माझ्या दृष्टीनं ती फार मोठी होती. ती आली तेव्हा बैलगाडा शर्यती बंद होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली तोवर घोडी चार-पाच वर्षं नुसती शेतात चरली, बांधाबांधानं हिंडली, उतारावरून विहिरीवर गेली आणि वर आली. ज्या वयात रेसकोर्सवरच्या घोड्यांचे पाय खर्ची पडतात त्या वयात हिचे पाय मातीत मुरत होते. चाचांनी शिरांवरून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली, आणि म्हणाले, "कोऱ्या हैत."

चौथ्यांदा मी तिच्यावर बसले. वळणं तिला ठाऊक नव्हती. डावीकडे वळ म्हटलं की ती सगळीच्या सगळी तिरकी व्हायची. कँटर लांब, पुढे झुकलेली. पण तिचे कान सतत मागे, माझ्याकडे वळलेले. दोन वर्षं घाटात तिनं मागच्या बैलांचा अंदाज कानानं घेतला होता. आता मागून मी श्वास सोडला तरी कान हलत होता. घोड्यानं ऐकावं म्हणून आम्ही महिनोन्‌महिने झटतो. ती ऐकतच उभी होती.

पाचव्या खेपेला व्यवहार ठरला. डॉक्टरांचा अहवाल मी त्यांच्यापुढे ठेवला, त्यांनी दोन वर्षांचा फरक आपणहून किमतीत धरला, मी त्यापुढे घासाघीस केली नाही. बाजारात उपरण्याखाली बोटं धरून ठरतो तो व्यवहार मी ऐकला-पाहिला होता; इथं ओसरीवर बसून, आजींच्या देखत, उघड्या तोंडानं ठरला. आजींनी घोडीच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा भरवला आणि गळ्यातलं दावं सोडून स्वतःच्या हातात गुंडाळून घेतलं. "दावं आम्ही देत न्हाई," त्या म्हणाल्या. मला माहीत होतं, मी नवीन घेऊन आले होते. ते चढवताना माझी बोटं थरथरत होती.

पुढचं दीड वर्ष सोपं गेलं नाही. मागून कुणी जोरात आलं की तिच्या पाठीतून वीज जायची आणि ती सुटायची. पहिला महिना मी तिला क्लबच्या कडेनं फक्त चालवलं. मग एक शांत घोडा मागे, वीस पावलांवर. मग पंधरा. आठ महिन्यांनी दुसरा घोडा मागून दुडकी येऊन शेजारून निघून गेला आणि तिनं नुसता कान टवकारला. त्या दिवशी मी उतरले आणि तिच्या मानेला मिठी मारून उभी राहिले. कँटर अजून साधारणच आहे. पहिल्या चाचणीत परीक्षकांनी त्याला पाच दिले आणि ते योग्यच होते.

त्या चाचणीला दादा आले होते. आजींना बरं नव्हतं, नाहीतर त्याही येणार होत्या. त्यांनी आयुष्यात प्रथमच ड्रेसाज पाहिलं. घंटा झाली, आम्ही आत गेलो, थांबलो, मी सलामी दिली. गोल झाले, दुडकी झाली, आणि मग ती हालचाल आली जिच्या गुणांना बऱ्याच प्राथमिक चाचण्यांत दुप्पट वजन असतं. लगाम सैल सोडायचा आणि तिरक्या रेघेवर घोड्याला मोकळं चालू द्यायचं. मी बोटं उघडली. तिनं नाक पुढे, खाली नेलं, पाठ उचलली, आणि मैदानाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत वीत-वीत पुढे पाऊल टाकत गेली. कान सैल होते. मला वाटतं, तेवढा वेळ मी श्वासच घेतला नाही.

बाहेर आल्यावर दादा कुंपणापाशी उभे होते. त्यांनी तिच्या नाकाला तळहात लावला, तिनं हुंगला, चाटला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"ताई," मग ते म्हणाले, "त्ये मधी लगाम सोडल्यावर चालली ना, ती तिची हिरीवरची चाल हाय. सांजच्याला पाण्यावर अशीच जायाची."

परीक्षकांचा कागद संध्याकाळी हातात आला. त्या रकान्यात आठ लिहिलं होतं. मी त्याचा फोटो काढून आजींसाठी दादांच्या फोनवर पाठवला.